‘तुझं वय काय गं?’ एवढ्यावर परत येऊ नका : तरुण वयात स्तनातली गाठ कशी ओळखायची आणि तपासणी शेवटापर्यंत कशी न्यायची

मी बेळगावच्या वडगावात ब्लाऊज शिवते. सासरी पूर्वी माग होता, तो बंद पडल्यावर त्याच खोलीत मी मशीन मांडली, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. येळ्ळूर, धामणे, मच्छेपासून खानापूरपर्यंतच्या बायका माझ्याकडे येतात. पडद्यामागे एक मोठा आरसा आहे. तिथे बायका मापाबरोबर बरंच काही बोलतात. गेल्या आठ-नऊ वर्षांत त्या आरशासमोर मी जे सांगत आले, तेच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण दुकानात वेळ पुरत नाही आणि शेजारी दुसरी गिऱ्हाईक उभी असली की पोरी गप्प होतात.

2016 ची गोष्ट. जुलैतले, मंगाईच्या जत्रेचे दिवस होते, दुकानात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. धाकटी अकरा महिन्यांची, अंगावर पीत होती. तिला डावीकडे घेताना बगलेच्या बाजूला काहीतरी टणक लागलं. दुखत नव्हतं. जत्रा झाल्यावर मी जवळच्या एका दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी वरवर हात लावला आणि विचारलं, “तुझं वय काय गं? चौतीस? या वयात तसलं काही नसतं. पाजवतीस न्हवं, दुधाची गाठ आहे.” पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. मी सुटकेचा श्वास सोडून घरी आले. गोळ्या संपल्या, गाठ तिथेच राहिली. मग गणपती आले, दसरा, दिवाळी, लग्नसराईचे ब्लाऊज. डिसेंबरात स्वतःचाच ब्लाऊज घालून बघताना हात वर केले, तर डाव्या बाजूला कातडीला खळगा पडला. आत टीप ओढली गेली की कापड चुणतं, अगदी तसा. त्या दिवशी मात्र मी मशीन बंद करून गेले. सोनोग्राफी, मॅमोग्राम म्हणजे स्तनाचा एक्स-रे, सुईने काढलेला तुकडा. गाठ 3.2 सेंटिमीटरची होती आणि बगलेतली एक गाठही धरलेली होती. जुलैत ती किती असती कुणास ठाऊक, पण त्या पाच महिन्यांत माझी तपासणी कुणी रोखून धरली नव्हती, एका वाक्यावर विश्वास ठेवून मीच घरी बसले होते.

केमो, ऑपरेशन, किरणांचा शेक, आणि पुढे रोजची गोळी. स्तन राखता आला. आज मी त्रेचाळीस वर्षांची आहे.

मला जे सांगायचं आहे ते एकच. तरुण वय हे तपासणी न करण्याचं कारण होऊ शकत नाही. भारतात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तनाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आहे, आणि पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे तो साधारण दहा वर्षं आधी दिसतो. चाळिशीतल्या, पस्तिशीतल्या बायका त्यात असतात. त्याच वेळी हेही तितकंच खरं, की स्तनातल्या दहा गाठींपैकी आठ कॅन्सरच्या नसतात, आणि विशी-तिशीत तर बहुतेक साध्याच निघतात. म्हणून घाबरायचं नाही. पण साधी आहे हे कागदावर लिहून येईपर्यंत थांबायचंही नाही.

आधी आपलं अंग कसं आहे ते कळू दे

दर महिन्याला ठरावीक विधीसारखी तपासणी करा, असं मी पूर्वी सांगत असे. आता तसं सांगत नाही. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या 2,66,000 बायकांवर मोठा अभ्यास झाला होता, त्याचा शेवटचा निकाल 2002 मध्ये आला. निम्म्या बायकांना स्वतःची तपासणी नीट शिकवली, निम्म्यांना नाही. दोन्हीकडे कॅन्सरने गेलेल्या बायकांचा आकडा जवळजवळ सारखाच राहिला, उलट शिकलेल्या बायकांच्या साध्या गाठींसाठी जास्त सुया टोचल्या गेल्या. गिरणीतल्या बायका म्हटल्यावर ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. त्यामुळे परीक्षा दिल्यासारखी भीतीने छाती चाचपत बसू नका. मात्र आपलं नेहमीचं कसं लागतं हे ओळखीचं असू दे, म्हणजे वेगळं काही आलं की हाताला लगेच कळतं. मापाच्या वहीत जुनं माप असलं की फरक दिसतो, तसंच हे.

पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास बघा. पाळीच्या आधी स्तन जड, दुखरे, गाठीगाठीचे लागतात आणि उगाच जीव घाबरतो. पाळी अनियमित असेल तर महिन्याची एक तारीख धरा. पाजत असाल तर बाळाचं पिऊन झाल्यावर, स्तन हलके असताना.

आधी आरसा. कमरेपर्यंत कपडे काढून उजेडात उभं राहायचं. हात खाली सोडून बघा, मग कमरेवर दाबून, मग दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन, मग थोडं पुढे वाकून. हात वर केल्यावरच खळगा दिसतो, माझा तसाच दिसला. एक स्तन दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असणं हे साधं आहे. मी शेकड्यांनी ब्लाऊज बेतलेत, दोन्ही बाजूंचं माप तंतोतंत सारखं असलेली बाई क्वचित भेटते, कटोरीत आम्ही तो फरक शिलाईत सामावून घेतो. तेव्हा फरक आहे का, हे विचारू नका. फरक नवा आहे का, हे विचारा. एकाच बाजूचा ब्लाऊज या दोन-तीन महिन्यांत अचानक घट्ट व्हायला लागला, मुंढ्यात एकीकडेच काचायला लागलं, तर त्याकडे लक्ष द्या.

मग आडवं पडून हाताने. उजवी बाजू बघायची तर उजव्या खांद्याखाली घडी केलेलं चादरीचं उशीसारखं काहीतरी ठेवा, उजवा हात डोक्याखाली, आणि डाव्या हाताच्या मधल्या तीन बोटांनी बघा. बोटांची टोकं वापरायची नाहीत, पुढची मऊ गादी वापरायची. एक रुपयाच्या नाण्याएवढे गोल फिरवत, गळ्याजवळच्या हाडापासून ब्राच्या पट्टीखालपर्यंत, आणि छातीच्या मधल्या हाडापासून बगलेपर्यंत. वरून खाली, मग शेजारची ओळ खालून वर, धावदोरा घालत जातो तसं, मधे जागा न सोडता. प्रत्येक जागी आधी हलका दाब, मग मध्यम, मग बरगडी लागेपर्यंत. शेवटी हात जरा सैल सोडून बगलेत आणि गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात. वरची बाहेरची, बगलेकडची बाजू दोनदा बघा, कारण जास्त गाठी तिथेच निघतात.

हे सांगून कळत नाही, म्हणून मी दुकानात एक खेळ करते. गोधडीच्या चार घड्या करायच्या. मधे एक मूग, एक हरभरा आणि एक शेंगदाणा ठेवायचा, आणि डोळे मिटून शोधायचे. चिमटीत धरून शोधलं तर कापडाच्याच गाठी लागतात, हरभरा हुकतो. बोटं सपाट ठेवून दाबत गेलं की हरभरा लगेच सापडतो, मूग वेळ घेतो. मूग सापडला नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. अंग हे गोधडीपेक्षा अवघड आहे. पण चिमटीत धरायची सवय जाते, तेवढ्याने खूप साधतं.

काय दिसलं की जायचं

दुखत नसलेली टणक गाठ, जी आधी नव्हती. बगलेत गाठ. कातडीला खळगा, किंवा संत्र्याच्या सालीसारखी जाड, छिद्रं दिसणारी कातडी. बोंड नव्याने आत ओढलं जाणं. काहींचं लहानपणापासूनच आत असतं, त्याची काळजी नाही. पिळलं नसताना एकाच बाजूच्या बोंडातून आपोआप पाणी किंवा रक्त येणं. बोंडावर खरूज, कोंडा, जखम, जी मलमाने जात नाही. स्तन लाल, गरम, सुजलेला, आणि औषध घेऊनही तसाच.

दुखत नाही म्हणून बायका गप्प बसतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की इथे थांबून सांगते. दुखणं हे कॅन्सरचं नेहमीचं लक्षण नाही. पाळीच्या आधी दोन्हीकडे दुखतं ते बहुधा हार्मोनचं. न दुखणाऱ्या गाठीलाच जास्त घाई करायची.

किती थांबायचं? तिशीच्या आतली असाल, पाळी जवळ आली असेल, आणि गाठ मऊ असून दोन्हीकडे सारखीच लागत असेल, तर ती पाळी होऊन जाऊ द्या. नंतरही असेल तर जा. बाकी कुठल्याही नव्या गाठीला दोन आठवड्यांच्या वर देऊ नका. आमच्याकडे दिवस कसे जातात ते मला माहीत आहे. भाताची लावणी झाल्यावर, मंगाई झाल्यावर, सुगी झाल्यावर, पोरांच्या परीक्षा झाल्यावर. निपाणीकडून एक बाई येत असे, विडीच्या कामावर. दिवस बुडाला की तेवढी मजुरी बुडते, म्हणून तिने चार महिने ढकलले. तिला मी दोष देत नाही. मला सांगायचं एवढंच, की सापडल्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा आणि चौदाव्या दिवसाच्या चौकटीत “दवाखाना” लिहा. आणि एका वहीत नोंद करा: कुठल्या बाजूला, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे कुठे, मुगाएवढी की हरभऱ्याएवढी की लिंबाएवढी, हलते की चिकटलेली, केव्हापासून. माझी गाठ डावीकडे, दोनच्या काट्यावर होती. अशी नोंद घेऊन गेलं की समोरच्याला नुसतं “काही नाही” म्हणून पुढे सरकणं अवघड जातं.

पाजणाऱ्या आणि गरोदर बायकांसाठी

हा भाग माझ्यासाठी सगळ्यात जवळचा. पाजताना दुधाच्या गाठी होतात, पू होतो, ताप येतो, हे खरंच आहे आणि बहुतेक वेळा तेवढंच असतं. बाळाला पाजल्यावर, शेकल्यावर दुधाची गाठ दोन-तीन दिवसांत लहान होते. जंतुसंसर्ग असेल तर गोळ्यांनी उतरतो. एक-दोन आठवड्यांत गेली नाही तर पुन्हा त्याच गोळ्यांचा कोर्स घेऊन गप्प बसू नका, सोनोग्राफी मागा. सोनोग्राफीत किरण नसतात, गरोदरपणातही चालते, पाजतानाही चालते. सुईने तुकडा काढायचा झाला तरी पाजणाऱ्या बाईचा काढता येतो. “दुधाची गाठ आहे” या वाक्यावर मी पाच महिने घालवले, तुम्ही घालवू नका.

डॉक्टरांसमोर काय म्हणायचं

एक साधी अडचण आधी. “छातीत गाठ आहे,” असं म्हटलं की कधी कधी ईसीजी काढतात. खरंच. आपण स्तन हा शब्द तोंडातून काढत नाही, “अंगावर”, “इथं”, “छातीत” असं म्हणतो आणि समोरचा वेगळंच समजतो. खेड्याकडच्या बायका “थानात गाठ” म्हणतात ते कितीतरी स्पष्ट असतं. तसं म्हणा, लाज वाटायचं काही कारण नाही.

सरकारी दवाखान्यात नर्स, डॉक्टर कन्नड बोलणारे असतात आणि पत्रकंही कन्नडमध्ये असतात. खानापूर भागातल्या, जांबोटीकडच्या पोरी या भीतीनेच जात नाहीत. माझ्या शेजारणीकडून शिकून मी ही वाक्यं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहेत, उतरवून घ्या. “स्तनदल्ली गंटू इदे” म्हणजे स्तनात गाठ आहे. “नोवू इल्ला”, दुखत नाही. “एरडु तिंगळिंद इदे”, दोन महिन्यांपासून आहे. “लेडी डॉक्टर इद्दारा?” म्हणजे बाई डॉक्टर आहेत का. आणि शेवटचं, सगळ्यात उपयोगाचं, “बरेदु कोडी”, लिहून द्या. एवढं बोललात तरी पुढचं निभतं. मला तरी कन्नडवाल्या सिस्टरनीच सगळ्यात जास्त सांभाळून घेतलं. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर नर्सला किंवा बरोबर आलेल्या बाईला आत थांबवून घ्या, तसं सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

नुसता हात लावून “काही नाही” असं सांगितलं, तर नम्रपणे एवढंच विचारा: “साहेब, गाठ लागतीय ती कशाची ते सोनोग्राफीने बघूया का? तसं लिहून द्या.” लिहून दिलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

तीन पायऱ्या, तिन्ही पूर्ण

गाठ लागत असेल तर तपासणीचे तीन भाग असतात: हाताने तपासणं, फोटो, आणि गरज पडली तर सुई. तिन्हींचं एकमत झालं तर उत्तर मिळालं म्हणायचं. एकाचं म्हणणं वेगळं पडलं तर पुढे जायचं.

फोटो म्हणजे तिशीच्या आत आधी सोनोग्राफी. तरुण स्तनात दाट भाग जास्त असतो, तो मॅमोग्रामवर पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा शोधण्यासारखं ते होतं. तिशीत सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे मॅमोग्राम, चाळिशीनंतर बहुधा दोन्ही. मॅमोग्रामला जाताना बगलेत पावडर, सेंट लावू नका, फोटोत ठिपके दिसतात. स्तन दाबला जातो, काही क्षण दुखतं, तेवढंच.

रिपोर्टवर खाली “बायरॅड्स” आणि एक आकडा असतो. तो बघायला शिका. 0 म्हणजे अजून फोटो हवेत. 1 आणि 2 म्हणजे काळजीचं नाही. 3 म्हणजे बहुतेक साधी, कॅन्सरची शक्यता शंभरात दोनपेक्षा जास्त नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. ते सहा महिने विसरणाऱ्या बायका मी फार बघितल्या आहेत. 4 म्हणजे सुई लागणार, आणि 4 आलं म्हणून कॅन्सरच आहे असं होत नाही. 5 म्हणजे शंका फार दाट. 6 म्हणजे आधीच तपासणीत सिद्ध झालेलं.

सुईबद्दल आमच्याकडे एक समज घट्ट आहे: “सुई लावली की पसरतं.” माझ्या सासूबाईंनीही मला अडवलं होतं. त्यांचा जीव माझ्यावर होता म्हणूनच अडवलं. पण बायोप्सीने, म्हणजे सुईने तुकडा काढल्याने, कॅन्सर पसरत नाही. उलट न टोचता सरळ गाठ कापून काढली तर पुढचा उपचार चुकू शकतो. शक्यतो जाड सुईची, ज्याला ट्रूकट म्हणतात ती बायोप्सी करा, कारण तिच्यात तुकडा येतो आणि त्या तुकड्यावरून ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगणाऱ्या खुणा) आणि हर-टू (एक प्रथिन) या तीन गोष्टी तपासता येतात. उपचार त्यावर ठरतात. तरुण बायकांमध्ये तिन्ही नसलेला प्रकार तुलनेने जास्त दिसतो आणि तो भराभर वाढतो. मग पाच महिन्यांची किंमत काय होते ते लक्षात येईल.

विशीतल्या पोरींना बहुतेक वेळा फायब्रोअ‍ॅडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ, निघतो. बोटाखाली गोटीसारखा सरकतो, गुळगुळीत, रबरासारखा. गेल्या वर्षी लग्नाच्या ब्लाऊजचं माप द्यायला आलेली बावीस वर्षांची पोर आरशासमोर रडायला लागली. आईला सांगितलं नव्हतं, लग्न मोडेल म्हणून. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढला, फायब्रोअ‍ॅडिनोमा. कापायचीही गरज पडली नाही. सहा महिन्यांनी एकदा बघा म्हणाले. तिने लग्नाच्या गडबडीतून वेळ काढून तेही केलं.

काहीच लागत नसेल तर?

इथे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण गावोगावी शिबिरं होतात आणि पॅकेजं विकली जातात. विशीत, घरात कुणाला नसेल आणि काही लक्षण नसेल, तर दरवर्षी मॅमोग्राम करायची गरज नाही. अंगाची उष्णता मोजून सांगणाऱ्या यंत्रांवर एकट्यावर विसंबू नका, ती मॅमोग्रामची जागा घेत नाहीत.

तीस पूर्ण झाली की सरकारी आरोग्य कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी शिकलेल्या हाताने स्तनाची तपासणी सांगितली आहे. तिथेच तोंडाची आणि गर्भाशयाच्या मुखाचीही होते. आशाताईंना विचारा, त्यांच्याकडे यादी असते. चाळिशीपासून मॅमोग्रामचं डॉक्टरांशी बोला. अमेरिकेतला सरकारी सल्ला 2024 पासून 40 ते 74 वयात दर दोन वर्षांनी एकदा असा आहे.

मुंबईत टाटा हॉस्पिटलने 1998 पासून वीस वर्षं दीड लाख बायकांवर एक अभ्यास केला. झोपडपट्टीतल्या बायका, आणि शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणाऱ्या. गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्या. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र तेवढा ठळक फरक दिसला नाही. तो वाचून मला वाईट वाटलं, पण ते लपवून उपयोग नाही. तरुण वयातल्या काही गाठी दोन तपासण्यांच्या मधेच वाढतात. म्हणून शिबिरात “नॉर्मल” आलं तरी तीन महिन्यांनी काही वेगळं लागलं तर पुन्हा जायचं, मागचा कागद दाखवून गप्प बसायचं नाही.

लवकर सापडण्याने काय बदलतं? भारतातल्या कॅन्सर नोंदणीचे आकडे सांगतात, की गाठ स्तनातच असताना सापडलेल्या शंभर बायकांपैकी ऐंशीच्या आसपास पाच वर्षांनी असतात. दूर पसरल्यावर सापडलेल्यांपैकी वीसही नसतात.

घरातला वंश

एक कागद घ्या. आई, मावशी, आजी, बहीण लिहा, आणि तितकंच महत्त्वाचं, वडिलांकडचीही माणसं लिहा: आत्या, आजी, चुलत बहिणी. “बापाकडचं मोजायचं नाही” हा समज चुकीचा आहे, दोष दोन्हीकडून येतो. कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता का, कितव्या वर्षी? घरातल्या पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर तेही लिहा, पुरुषांना क्वचित होतो. आमच्याकडे जुन्या बायका “छातीला मोठं फोड झालं होतं, त्यातच गेली” असं सांगतात, तेही टिपून घ्या. पन्नाशीच्या आत कुणाला झाला असेल, किंवा दोघीतिघींना, तर तुमची वाट वेगळी आहे. साधारण नियम असा, की ज्या वयात नातेवाईक बाईला झाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून तपासणी सुरू करायची, पण मॅमोग्राम शक्यतो तिशीच्या आधी नाही. बीआरसीए जनुकाची (त्यात दोष असला तर हा कॅन्सर वंशाने येऊ शकतो) रक्तातून तपासणी करायची की नाही, एमआरआय लागेल का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांशी बसून ठरवा. माझ्या दोन्ही मुलींसाठी मी हा कागद करून ठेवलाय. थोरली चोवीस वर्षांची होईल त्या वर्षापासून तिच्या डॉक्टरांशी बोलणं सुरू करायचं, असं त्यावर लिहिलंय.

कुठे, कसं, किती कागद

सुरुवात जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातून करा, तिथलं रेफरल पुढे उपयोगी पडतं. बेळगावात बिम्सचं, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं, जिल्हा रुग्णालय, ज्याला आपण अजून सिव्हिल म्हणतो, तिथे सर्जन असतात. नेहरूनगरला केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे, आणि त्यांच्या नव्या कॅन्सर हॉस्पिटलचं उद्घाटन जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झालं. हुबळीला नवनगरात कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. निपाणी, चिकोडीकडच्या बायकांना कोल्हापूर, मिरज सोयीचं पडतं, मिरजेत सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल आहे. खानापूर, लोंढ्याकडच्या काही जणी गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात.

11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या हद्दीत साध्या सरकारी बसचं तिकीट लागत नाही, ओळखपत्र मात्र जवळ हवं. पैशाचं म्हणाल तर बीपीएल कुटुंबाला आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यासाठी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, म्हणून आधी खाजगीत ऑपरेशनची तारीख घेऊ नका. महाराष्ट्र शासनानेही 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला. आपलं गाव यादीत आहे का आणि कुठले दाखले लागतात, ते कोल्हापूर किंवा मिरजेच्या हॉस्पिटलातल्या योजनेच्या खिडकीवर आधी विचारून घ्या.

कागद. एक जाड पुठ्ठ्याची फाईल आणा. सोनोग्राफी, मॅमोग्रामच्या फिल्म, बायोप्सीचा रिपोर्ट, चिठ्ठ्या, सगळं तारखेप्रमाणे लावा. बायोप्सीचा रिपोर्ट घ्यायला स्वतः जा, “फोन येईल” म्हणून थांबू नका. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असा अर्थ होत नाही. आणि कॅन्सर निघालाच, पुढे मूल हवं असेल, तर केमो सुरू व्हायच्या आधी तसं डॉक्टरांना सांगा. नंतर सांगून बरेच मार्ग बंद झालेले असतात.

बरोबर कुणाला तरी न्या. नवरा येणार नसेल तर जाऊ, नणंद, शेजारीण. कुणीच नसेल तर वडगावात माझं दुकान सकाळी दहाला उघडतं, मंगळवारी बंद असतं. मंगळवारी मी मोकळीच असते आणि बसस्टँडवर भेटू शकते. येताना फाईल आणि वही आणा, गाठ कधी लागली ती तारीख त्यात लिहिलेली असू दे.